चार स्वरांचे भूत

दिवाळीच्या आगेमागे, ३१ ऑक्टोबरच्या रात्री, आयर्लंड, स्कॉटलंड, अमेरिका आणि आता जवळजवळ सगळ्या इंग्रजीभाषक जगात हॅलोविन साजरा होतो. भोपळे कोरून त्यांत दिवे ठेवायचे, मुलांनी भुताखेतांचे वेश करून दारोदार खाऊ मागायचा आणि घरात, दुकानात, मेजवानीत भीतीदायक संगीत लावायचे, असा त्याचा साधारण थाट. पुण्या-मुंबईच्या गृहसंकुलांतही हे भोपळे येऊन पोहोचले आहेत. त्या रात्री ऐकायच्या संगीताच्या याद्या दरवर्षी निघतात आणि थोड्याफार फरकाने त्यांत तीच नावे असतात. बाखच्या नावावर असलेली ऑर्गनवरची 'टोकाटा अँड फ्यूग इन डी मायनर', बर्लिओझच्या 'सिंफनी फँटास्टिक'चा शेवटचा भाग, सँ-साँसचे 'दाँस माकाब्र', 'द एक्झॉर्सिस्ट' चित्रपटामुळे गाजलेले 'ट्युब्युलर बेल्स', 'द शायनिंग'चे सुरुवातीचे संगीत आणि जॉन कार्पेंटरने 'हॅलोविन' याच नावाच्या चित्रपटासाठी केलेली पियानोची धून.

पाश्चात्त्य संगीत मी कुठे रीतसर शिकलेलो नाही. ऐकत, हार्मोनियमवर बोटे फिरवत आणि मिळतील ती पुस्तके वाचत जे हाती लागले, तेवढेच माझे भांडवल. पण या यादीतली एकेक रचना तिच्या मुळापर्यंत शोधत गेलो, तेव्हा एक गोष्ट सारखी समोर येत राहिली. यातल्या कितीतरी रचना कुणाला भिववण्यासाठी केलेल्याच नव्हत्या. काहींचे मूळ तर थेट प्रार्थनेत आहे. मग त्या भुतांच्या रात्रीला कशा येऊन बसल्या? या लेखात त्यातल्या एका चालीचा प्रवास प्रामुख्याने मांडायचा आहे, कारण तो साडेसातशे वर्षांचा आहे आणि त्याचे टप्पे स्पष्ट दिसतात.

दचकणे आणि धास्तावणे

आधी भीतीचे दोन प्रकार वेगळे करू. पहिला दचकण्याचा. आल्फ्रेड हिचकॉकच्या 'सायको'मध्ये (१९६०) न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगाला संगीतच नको, असे दिग्दर्शकाचे मत होते. संगीतकार बर्नार्ड हरमन याने तरीही केवळ तंतुवाद्यांसाठी एक तुकडा लिहिला. व्हायोलिनच्या अगदी वरच्या पट्टीत गजाचे आखूड, फाडल्यासारखे तडाखे. तो ऐकल्यावर हिचकॉकने मत बदलले. हे तडाखे कळायला कुठल्याही संस्कृतीची ओळख लागत नाही, कारण ते किंकाळीच्या जवळचे आहेत. कॅलिफोर्नियातील प्राणिवर्तनाचे अभ्यासक डॅनियल ब्लूमस्टाइन हे मार्मोट या खारीच्या कुळातल्या प्राण्याचा अभ्यास करत. पकडलेल्या पिल्लांच्या ओरडण्यात स्वर फाटून खरखर येते, हे त्यांच्या ध्यानात आले. ताकदीबाहेर ओरडल्यावर गळ्यातून येणारी ही खरखर चित्रपटांच्या ध्वनिपट्टीतही भावना चेतवण्यासाठी वापरली जाते का, हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी शंभरावर चित्रपट तपासून पाहिले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष होकारार्थी होता. इथे कान थेट शरीराशी बोलतो, मध्ये विचार येत नाही.

दुसरा प्रकार धास्तीचा. काहीच फुटत नाही, कुणी ओरडत नाही, तरी पाठीतून शिरशिरी जाते. हॅलोविनच्या यादीतले बहुतेक संगीत या प्रकारचे आहे आणि इथे शरीरापेक्षा आठवण जास्त काम करते. 'टोकाटा अँड फ्यूग'चेच पाहा. ऑर्गन हे चर्चचे वाद्य. ही रचना बाखचीच का, यावर अभ्यासकांत वाद आहे, पण ती भुतांची नाही यावर वाद नाही. १९३१च्या 'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड' या चित्रपटाच्या श्रेयनामावलीला ती वाजली आणि पुढे ओसाड वाड्यात ऑर्गन वाजवणारा वेडा माणूस हे चित्र भयपटात रुळत गेले. गंमत अशी, की १९४० साली वॉल्ट डिस्नेने 'फँटेशिया'ची सुरुवात याच रचनेच्या वाद्यवृंदासाठी केलेल्या रूपाने केली. पडद्यावर नुसते रंग, रेषा आणि आकार. तिथे ती कुणाला भिववत नाही.

'ट्युब्युलर बेल्स'चेही तेच. जेमतेम वीस वर्षांच्या माइक ओल्डफील्डने बहुतेक वाद्ये स्वतः वाजवून केलेली ही ध्वनिमुद्रिका मे १९७३ मध्ये आली. भूतबाधेवरचा 'द एक्झॉर्सिस्ट' त्याच वर्षीच्या डिसेंबरात आला आणि त्यात तिचा सुरुवातीचा थोडासा भाग घेतला गेला. सात अधिक आठ अशा पंधरा मात्रांचे ते आवर्तन स्वतंत्रपणे ऐकले तर झऱ्यासारखे वाटते. त्या चित्रपटानंतर मात्र त्याला ती सुटका राहिली नाही.

याला अपवाद कार्पेंटरच्या धुनेचा. ती मुद्दाम भीतीसाठीच केलेली आहे. १९७८चा 'हॅलोविन' संगीताशिवाय दाखवला तेव्हा स्टुडिओतल्या एका अधिकारी बाईंना त्याची भीती वाटली नाही, आणि मग आपण तो संगीताने वाचवायचे ठरवले, असे कार्पेंटरनेच सांगितले आहे. वडील संगीताचे प्राध्यापक. लहानपणी त्यांनी बोंगोवर शिकवलेला पाचाचा ठेका त्याने इथे वापरला. आपल्या हिशेबाने दुगुणीत मोजल्या तर झपतालाइतक्या दहा मात्रा होतात, पण वाटणी तीन-तीन-दोन-दोन अशी. चारांच्या ठेक्याला सरावलेल्या कानाला पाऊल कुठे पडणार हे कळत नाही, म्हणून अस्वस्थता. झपतालात वाढलेल्या कानाला ती तेवढी जाणवेल का, ही शंका मात्र राहते.

ग रे ग सा

आता मुख्य चाल. 'दिएस इरे' हे तेराव्या शतकातले लॅटिन स्तोत्र. त्याचे कर्तृत्व परंपरेने फ्रान्सिस्कन संन्यासी सेलानोच्या थॉमसकडे जाते. मृतासाठीच्या मिस्सेत ते म्हटले जाई. विषय अंतिम निवाड्याचा. कोपाचा तो दिवस येईल, सृष्टीची राख होईल, कर्णा वाजेल, मेलेले उठतील आणि सगळे ज्यात लिहिले आहे ते पुस्तक उघडले जाईल. इथपर्यंत सगळे भयानक आहे. पण मग स्तोत्र एकदम एकवचनी होते. त्या दिवशी मी बापुडा काय बोलू, माझी बाजू कोण घेईल, असा प्रश्न येतो. मग येशूची विनवणी : माझ्यासाठीच तू हा प्रवास केलास ते विसरू नकोस, पापिणीला आणि चोरालाही तू क्षमा केलीस, मलाही आशा दे. शेवटी अश्रूंचा उल्लेख येतो आणि मृतांना विसावा मिळो, या मागण्यावर स्तोत्र संपते. म्हणजे भीती हा या स्तोत्राचा दरवाजा आहे आणि आतले घर करुणेचे आहे.

याची सुरुवात आपल्या भाषेत सांगायची तर अशी : कोमल ग, शुद्ध रे, कोमल ग, सा. लगेच पुढे रे, खालचा कोमल नी, सा, सा. आठ अक्षरे, आठ स्वर. घरात हार्मोनियम असेल तर वाजवून पाहावे. पाश्चात्त्य परिभाषेत हा डोरियन, आपल्या हिशेबाने काफी थाट. होळीच्या ठुमऱ्या, भीमपलास, बागेश्री जिथे नांदतात त्याच वस्तीतले हे स्वर. ज्याने हे स्तोत्र कधी ऐकलेले नाही, त्या मराठी कानाला यात भुताचा मागमूस लागणार नाही. फार तर एखाद्या संथ आरतीची ओळ वाटेल.

सोळाव्या शतकात ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर चर्चने अशा प्रकारच्या स्तोत्रांची मोठी छाटणी केली आणि १५७०च्या मिस्साग्रंथात मोजकी चारच ठेवली. त्या चारांत हे होते. म्हणून कॅथलिक जगात पुढची चारशे वर्षे अंत्यविधीच्या मिस्सेत ही चाल ऐकू येत राहिली. फ्रान्समधल्या लहानशा गावातल्या मुलालाही ती आजीच्या अंत्यविधीत ऐकून ठाऊक असे.

पॅरिस, १८३०

हे 'ठाऊक असणे' ध्यानात ठेवले म्हणजे बर्लिओझने काय केले ते कळते. १८२७ साली पॅरिसला शेक्सपिअरच्या नाटकात ऑफेलिया झालेली आयरिश नटी हॅरिएट स्मिथसन त्याने पाहिली आणि तो तिच्यासाठी वेडा झाला. त्या वेडातून 'सिंफनी फँटास्टिक' झाली. तिचा पहिला प्रयोग ५ डिसेंबर १८३० रोजी पॅरिसला झाला. संगीतकार सत्ताविशीच्याही आत होता. तिची कथा छापून श्रोत्यांना वाटलेली होती. एक प्रेमभग्न कलावंत अफू घेतो. स्वप्नात आपण प्रेयसीचा खून केला आहे आणि आपला शिरच्छेद होत आहे, असे पाहतो. पाचव्या भागात त्याच्याच अंत्यविधीला चेटकिणी जमतात. आतापर्यंत हळुवारपणे येणारी प्रेयसीची धून इथे एका तीक्ष्ण क्लॅरिनेटवर बाजारू नाच होऊन येते. मग घंटा वाजतात, आणि खर्जातल्या वाद्यांवर, संथ, मोठ्या स्वरांत 'दिएस इरे' सुरू होते. तीच ओळ दुप्पट वेगाने येते, मग उड्या मारत, टिंगल केल्यासारखी. छापील कथेतच तिला विडंबन म्हटलेले आहे.

त्या सभागृहात बसलेल्यांना काय वाटले असेल? त्यांतल्या बहुतेकांनी ही चाल स्वतःच्या घरच्या कुणासाठी ऐकलेली होती. ती ओळखू आली म्हणूनच अंगावर काटा आला असेल. आपल्या परिचयाचे, दुःखाच्या वेळी आधार दिलेले काहीतरी चुकीच्या हातात गेलेले पाहून होतो तसा. इथे भीती ओळखीतून आली.

पुढे या चालीला रांगच लागली. लिस्टने पियानो आणि वाद्यवृंदासाठी 'टोटेनटान्झ' हे मृत्यूचे नृत्य रचले, त्याचा पाया हीच ओळ. त्याचा पहिला प्रयोग १८६५ साली द हेगला झाला. सँ-साँसने १८७४ मध्ये 'दाँस माकाब्र' लिहिले. सुरुवातीला हार्पवर एकच स्वर बारा वेळा वाजतो, मध्यरात्रीचे ठोके. मग मृत्यू व्हायोलिन जुळवतो. वादकाने यासाठी सर्वांत वरची तार अर्ध्या स्वराने उतरवलेली असते. हाडांचा खडखडाट झायलोफोनवर, आणि शेवटी ओबोवर कोंबडा आरवला की सगळे थडग्यात परत. मधेच 'दिएस इरे' येते, तीही खेळकर वॉल्ट्झच्या चालीत.

या उतरवलेल्या तारेबद्दल थोडे सांगायला हवे. त्यामुळे दोन मोकळ्या तारांत जे अंतर पडते ते आपल्या हिशेबाने सा आणि तीव्र मध्यम यांचे. युरोपात त्याला 'संगीतातला सैतान' असे नाव पडले. मध्ययुगात चर्चने यावर बंदी घातली होती, अशी गोष्ट वारंवार सांगितली जाते, पण तशा बंदीला आधार नाही. गायला अवघड आणि कानाला अस्थिर म्हणून ते टाळावे, एवढाच दंडक होता. आपल्याकडे तंबोऱ्याच्या षड्जावर तोच तीव्र मध्यम लावून रोज संध्याकाळी हजारो विद्यार्थी यमन गातात. तिथे तो प्रसन्न वाटतो. अंतर तेवढेच, पण त्याच्या भोवती उभे केलेले घर निराळे.

चर्चने ठेवले, पडद्याने उचलले

विसाव्या शतकात रखमानिनोव्ह या चालीने झपाटलेला होता. 'आइल ऑफ द डेड' (१९०९), पागानिनीच्या धुनेवरची 'रॅप्सडी' (१९३४) आणि 'सिंफॉनिक डान्सेस' (१९४०) या तिन्हींत ती सापडते. पण खरे वळण नंतर आले.

१९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. उपासना लोकांच्या भाषेत व्हावी, असे ठरले. आपल्याकडे वसईच्या चर्चमध्ये मराठी मिस्सा होऊ लागली ती यातूनच. १९६९-७०च्या सुधारणांत अंत्यविधीही बदलला. त्यात निवाडा, भय आणि निराशा यांवर फार भर आहे, त्याऐवजी पुनरुत्थानाची आशा पुढे यावी, असा विचार होता. 'दिएस इरे' मृतांच्या मिस्सेतून गेले. वर्षाच्या अखेरच्या आठवड्यातल्या दैनंदिन प्रार्थनेत ऐच्छिक म्हणून आणि जुन्या पद्धतीची लॅटिन मिस्सा जिथे होते तिथे ते उरले.

त्यानंतर जेमतेम दहा वर्षांनी, १९८० साली, स्टॅन्ली कुब्रिकचा 'द शायनिंग' आला. डोंगरातल्या रस्त्याने एक छोटी पिवळी गाडी जाते आहे, वरून तिला कुणीतरी पाहते आहे, आणि वेंडी कार्लोस व रेचल एल्काइंड यांनी सिंथेसायझरवर केलेली 'दिएस इरे' खर्जात वाजते आहे. शब्द नाहीत, मिस्सा नाही, प्रेतही नाही. याच चित्रपटात पुढे पोलिश संगीतकार पेंडेरेत्स्की याच्या 'उत्रेन्या'चे भाग आहेत. ती रचना मूळची ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या उपासनेवरची. ईस्टरच्या आनंदाचे संगीत रिकाम्या हॉटेलातल्या दहशतीला लावलेले आहे.

१८३०चा श्रोता ही चाल ओळखून शहारला होता. १९८०च्या प्रेक्षकांत ती ओळखणारे कमी होत चालले होते, आणि आज तर बहुतेकांना हे चार स्वर म्हणजे 'आता काहीतरी वाईट होणार' एवढेच माहीत आहे. तेही त्यांनी चित्रपटांतून शिकलेले. आता ओळखच नको, नुसता संकेत पुरतो.

चर्चच्या सुधारकांचा हेतू मला समजतो. शोकात बसलेल्या माणसांना आणखी घाबरवू नये, यात गैर काय? पण परिणाम असा झाला, की स्तोत्राची भीती चित्रपटांनी घेतली आणि त्यातली विनवणी, अश्रू, विसाव्याचे मागणे यांना नवे घर मिळाले नाही. साडेसातशे वर्षे जे दोन भाग एकत्र होते ते सुटले.

आपल्याकडची सारंगी

हे फक्त युरोपात घडते असे मानायचे कारण नाही. माझ्या पिढीने ३१ ऑक्टोबर १९८४ नंतरचे दुखवट्याचे दिवस आकाशवाणीवर सारंगी ऐकत काढले. त्याआधी आणि नंतरही राष्ट्रीय दुखवट्यात नेहमीचे कार्यक्रम बंद होत आणि सारंगी सुरू होई. ठुमरीला, ख्यालाला गळ्याइतक्या जवळून साथ करणारे हे वाद्य. पण सारंगी लागली की 'कोण गेले?' असे विचारण्याची सवय घराघराला लागली. सारंगियांच्या हातात बदल झाला नव्हता, बदल ऐकणाऱ्यांच्या आठवणीत झाला होता.

पैंजणांचेही असेच. दिवसा अंगणात वाजले तर लहान मूल चालायला लागले, आणि भयकथेत रात्री बारानंतर वाजले तर हडळ. हिंदी चित्रपटातले आपले भूत मात्र प्रार्थना गात नाही, विरह गाते. 'महल'मधले (१९४९) लता मंगेशकरांचे गाणे त्याचा आरंभ मानता येईल. खेमचंद प्रकाश यांचे संगीत. आवाज दुरून जवळ येतो आहे असे भासावे म्हणून लताबाईंनी ध्वनिक्षेपकापासून लांब उभे राहून गायला सुरुवात केली आणि गात गात त्या जवळ आल्या. ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे नाव छापले ते चित्रपटातल्या पात्राचे, 'कामिनी'. आवाज आहे आणि माणूस नाही, हा भास आणखीच गडद झाला. 'महल', 'बीस साल बाद' (१९६२), 'वह कौन थी' (१९६४) या तिन्हींत शेवटी भूत नसतेच. गाणे संपल्यावर उरते ती कुणाची तरी वाट पाहणारी बाई. म्हणूनच बहुधा ती गाणी आपण भुतांची म्हणून बाजूला ठेवली नाहीत, प्रेमाची म्हणून गुणगुणत राहिलो.

शेवटपर्यंत ऐकणे

हॅलोविन हे नावच मुळी 'सर्व संतांच्या दिवसाची पूर्वसंध्या' या अर्थाचे. दुसऱ्या दिवशी १ नोव्हेंबरला संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबरला सर्व मृतांचा. गोव्यात आणि वसईत त्या दिवशी कुटुंबे कबरींवर फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. भीतीच्या रात्रीनंतर दोन दिवसांनी आपल्या माणसांना भेटायला जायचे, असा तो क्रम आहे. जगभर पसरला तो त्यातला पहिला दिवस. आपल्या दिवाळीतही मृत्यू येतोच. धनत्रयोदशीला यमासाठी दक्षिणेकडे तोंड करून दिवा ठेवतात, आणि भाऊबीजेचे दुसरे नाव यमद्वितीया. पण तिथे यमाला जेवायला बोलावणारी बहीणही आहे. भीती आणि माया एकाच सणात असल्या की मुलांना दोन्ही एकदम मिळतात आणि त्यांतली एक दुसरीला आवरते.

ज्यांना या दिवसांत हे संगीत ऐकावेसे वाटेल त्यांच्यासाठी एक क्रम सुचवतो. आधी 'द शायनिंग'ची सुरुवात ऐकावी. मग 'दाँस माकाब्र', सातआठ मिनिटांचे. मग बर्लिओझचा पाचवा भाग. सर्वांत शेवटी, एखाद्या मठातल्या गायकवृंदाने साथीशिवाय गायलेले मूळ 'दिएस इरे'. ते पाचसहा मिनिटांचे आहे. ती प्रसिद्ध ओळ त्यात पुन्हा पुन्हा येते, पण शेवटच्या कडव्यांना निराळी चाल आहे. अश्रूंची आणि विसाव्याची मागणी तिथे आहे. चित्रपटांनी तो भाग फारसा घेतला नाही, म्हणून तो भागच पुष्कळांनी ऐकलेला नसतो. तिथपर्यंत थांबावे.